चार दिवसांचा रोजा

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सिस्टर, दिवाळी अंकासाठी जुन्या दुबईवर लिहा. उंट, वाळू, शेखबिख सगळं येऊ द्या." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं, तर तिथल्या आठ वर्षांत मी उंटावर एकदाही बसले नव्हते, आणि शेख पाहिला तो दोनदा, तोही लांबून. मी पाहिली ती पोटं. एक दिवसाची, दोन दिवसांची, मुठीएवढ्या जठराची पोटं. त्यांच्यावर हात ठेवूनच माझी नोकरी झाली. तेव्हा पोटांबद्दलच लिहिते. चकली खाता खाता वाचणाऱ्यांनी मला क्षमा करावी.

मी चिपळूणची. मुंबईत नर्सिंग आणि मिडवायफरी केली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला बोटीनं दुबईला उतरले. तेव्हा अमिराती एक देश झाल्या नव्हत्या. खाडीच्या काठानं थोडी दगडी घरं, मागं खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या, आणि अजूनही कितीतरी घरांत गाढवावरून पाण्याचे डबे यायचे. आमचं हॉस्पिटल लहान, पण बायकांचा वॉर्ड कायम भरलेला. अरब, इराणी, बलुची, सिंधी, मलबारी आणि आपल्या रत्नागिरी-रायगडची मुसलमान कुटुंबं. या कोकणी बायका मला पाहिल्या पाहिल्या विचारायच्या, "बाय, तुमी खयच्या?" चिपळूण म्हटलं की मला पेशंटकडून आपोआप नातेवाइकात बढती मिळायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानचा एक कोळी बायकोला होडीतून वळसा घालून घेऊन आला, दोन दिवस लागले. मुलगा झाला आणि दोघं सुखरूप घरी गेली. महिन्याभरानं तोच माणूस सुक्या मासळीचं एक पोतं माझ्या टेबलावर ठेवून "यल्ला, सिस्टर, हे तुझं" म्हणून निघून गेला. वॉर्डात असा घमघमाट सुटला की मेट्रननं नाक मुरडलं. मी कोकणातली आणि आमचे डॉक्टर चाको केरळचे. आम्ही दोघांनी पोतं सरळ वाटून घेतलं.

आता मुद्द्यावर येते. बाळंतपणात आमची सगळी भीती बाळाच्या पहिल्या श्वासाची असते. नाळ गळ्याभोवती अडकली, प्रसूती लांबली, की बाळ निळं जन्मतं. निळ्या बाळाला आम्ही फारसं घाबरत नसू. घाबरायचो पांढऱ्या बाळाला. त्याच्या अंगात ताण नसतो, पायाला धरलं तर पाय नुसता लोंबतो. अशा वेळी रबरी नळीचं एक टोक बाळाच्या घशात आणि दुसरं आपल्या तोंडात धरून आतला चिकटा ओढून काढायचा, ऑक्सिजन द्यायचा, नाहीतर बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून गालातल्या हवेनं हलकेच फुंकर घालायची. छातीतून जोरात फुंकलं तर त्याचं फुप्फुस फुटेल. ऑक्सिजनची नळकांडी बोटीनं यायची आणि बोटीला उशीर झाला की आमचाच जीव कासावीस व्हायचा.

बाळ रडलं की आम्हाला वाटायचं, जिंकलो. नातेवाइकांना तर वाटायचंच. पण कधी कधी तेच बाळ तिसऱ्या दिवशी हिरवं ओकायचं, पोट फुगून चकचकीत व्हायचं, शीमध्ये रक्त दिसायचं, आणि मग आमच्या हातात काही उरत नसे. श्वासाचं दुखणं पोटात कसं शिरतं, हे मला पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं.

ते कळलं एका बाळाच्या मरणानं. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

शारजात रोल्लाच्या मोठ्या वडाजवळ कुंटे नावाचं जोडपं राहायचं. तो एका कंपनीत कारकून. बाळंतपणाला त्याची आई पुण्याहून बोटीनं आली होती. मुलगी झाली, पांढरी. सहा मिनिटांनी श्वास सुरू झाला. डॉक्टर चाकोंनी सांगितलं, "दो दिन मुँह से कुछ नहीं." मी कारण विचारलं नाही. तेव्हा नर्सनं डॉक्टरला कारण विचारायची पद्धत नव्हती. आजींना मी आपल्या घरगुती भाषेत सांगितलं, "आजी, दोन दिवस बाळाचा उपास आहे हं." आजी म्हणाल्या, "बरं." मीही निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात आले तेव्हा आजी कापसाच्या बोळ्यानं बाळाला दूध-साखर पाजत होत्या. माझा चेहरा पाहून त्या गोंधळल्या. "अगं, उपासाला दूध चालतं ना? मी धान्याचं काही दिलं नाही." त्यांचं काय चुकलं? आमच्या घरीही आषाढी-एकादशीला साबुदाणा, दाणे, दूध, केळी, सगळं चालायचं. उपासाच्या दिवशी आम्ही एरवीपेक्षा जास्तच खायचो. चौथ्या दिवशी मुलगी गेली.

डॉक्टर चाकोंना मी त्या दिवशी पहिल्यांदा कारण विचारलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं. बाहेर गाढववाला डबे उतरवत होता. ते म्हणाले, "सिस्टर, आज दहाच्या जागी दोनच डबे आले, तर तू पाणी कशाला वापरशील?"

"प्यायला आणि स्वैपाकाला."

"और नहाना, कपड़ा?"

"ते राहील."

"तसंच," ते म्हणाले. "श्वास कमी पडला की शरीर सगळं रक्त मेंदूला आणि हृदयाला देतं. आतड्यांचं पाणी तोडतं. मेंदू वाचतो, बाळ रडतं, आपण खूश. पण आतडी तेवढा वेळ कोरडी पडलेली असतात. आतून त्यांना इजा झालेली असते, ती आपल्याला दिसत नाही. त्यांच्यावर लगेच दूध टाकलं तर ती कुजायला लागतात." मग म्हणाले, "असं मला वाटतं. नक्की कोणालाच माहीत नाही. काही बाळं दूध पिऊनही जगतात. ही दूध न देताही गेली असती कदाचित."

कुंटे आजी जाताना मला म्हणाल्या, "माझ्या दुधानं तर काही झालं नाही ना गं?" मी म्हटलं, "नाही आजी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

यानंतर दोनएक वर्षांनी रमजानच्या महिन्यात जुलेखा आली. ही कापडवाल्या हाजीसाहेबांची सून. माणसं रत्नागिरीच्या खाडीकाठची, दुकान दुबईत. जुलेखाची आधीची तिन्ही बाळं गावी जन्मली आणि आठवड्याच्या आत गेली होती. या खेपेला सासू हलीमाबी हट्टानं तिला इथं घेऊन आली. हलीमाबी म्हणजे ठेंगणी, गोरी, तुरुतुरु चालणारी आणि तोंडाची फटकळ. वॉर्डात पाऊल टाकताच तिनं माझ्या टोपीपासून फरशीपर्यंत सगळं तपासलं आणि म्हणाली, "बाय, ह्ये चवथं. ह्याला कायबी झालं तर मी परत गावाला त्वांड दाखवनार नाय."

सकाळी आठला मुलगा झाला. नाळेचे गळ्याला दोन वेढे. पांढरा. मी नळी लावली, ओढलं, फुंकर घातली. डॉक्टर चाको छातीला स्टेथोस्कोप लावून उभे होते आणि त्याच्या हृदयाच्या ठोक्यागणिक टेबलावर बोट आपटत होते, म्हणजे मला मान वर न करता कळावं. बोट फार सावकाश पडत होतं. मग भरभर पडायला लागलं. नऊ मिनिटांनी बाळानं आचका दिला आणि पंधरा मिनिटांनी मांजराएवढं रडलं. पडद्याबाहेर हलीमाबीनं मोठ्यानं अल्लाचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी डोक्याच्या शिरेत सलाइन लावलं, नाकातून पोटात एक बारीक नळी घातली आणि सांगितलं, "चार दिवस. एक थेंबसुद्धा नाही."

आता खरं संकट. मुसलमानांत बाळ जन्मलं की घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं चावून मऊ केलेला खजूर त्याच्या टाळूला लावायचा रिवाज. हाजीसाहेबांचा तो मान. त्यातून हलीमाबीनं गावाहून सहाण आणली होती, वेखंड-मुरुडशेंगेची घुटी उगाळायला. ही घुटी मीही लहानपणी चाटली आहे, त्यामुळे नाही म्हणताना माझी जीभ अडखळली. उपास हा शब्द तर मी वॉर्डात परत उच्चारणारच नव्हते. आणि एकदम मला सुचलं. समोर हलीमाबी, तिचे ओठ कोरडे, पहाटेपासून पाण्याचा घोट नाही. रोज्यात थुंकी गिळतानाही विचार करणारी माणसं ही!

मी म्हटलं, "हलीमाबी, बाळाचा रोजा आहे. चार दिवस."

तिचे डोळे मोठे झाले. "येवड्याचा रोजा?"

"कडक. पाण्याचा थेंब नाही."

"या अल्ला," ती हसली, "आजावर गेला माजा नातू!" आणि तिनं सहाण पिशवीत परत ठेवली. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की दुपारी मी डॉक्टरांनाही ते सांगितलं. ते म्हणाले, "व्हेरी गुड, सिस्टर." दिवसभर बाळाचं पोट दर दोन तासांनी मोजलं. आमची टेप तुटलेली, म्हणून हलीमाबीनं दुकानातून शिंप्याची टेप मागवून दिली. साडेबारा इंच. पोट मऊ.

संध्याकाळी माझी ड्यूटी संपत आली. मी कपड्यांच्या खोलीत चादरी मोजत होते. आमची बलुची आया जैनब कोपऱ्यात बसली होती. पुढ्यात पाण्याचा पेला, रुमालावर तीन खजूर, आणि कान मशिदीकडे. मी तिला गमतीनं विचारलं, "किती भूक लागली?" ती म्हणाली, "बस, पाँच मिनट. बाँग हुई, खलास."

माझ्या हातातल्या चादरी खाली पडल्या. रोजा संध्याकाळी सुटतो. आणि सुटतो तो खजुरानं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्या पद्धतीनं एक बाळ घालवलं होतं. आज दुसऱ्याच्या घरची पद्धत अर्धवट उचलून मी तेच करत होते. मी धावले. हॉस्पिटलात नर्सनं धावायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बांग सुरू झाली तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशी होते. काचेच्या पार्टिशनमागे हलीमाबी बाळावर वाकलेली. तिनं स्वतः अजून काही तोंडात घातलं नव्हतं. नातवाचा रोजा आधी सोडायचा होता. तिच्या बोटाच्या टोकावर खजुराचा मऊ गोळा होता.

मी तिचं मनगट धरलं.

"सोडा, बाय," ती म्हणाली. "येळ झाली. पोरगा दिसभर राहिला."

"हलीमाबी, मी खोटं बोलले. हा रोजा नाही."

मग मी सगळं सांगितलं. पाण्याचे दोन डबे, तोडलेलं पाणी, आतून दुखावलेली आतडी. कुंट्यांची मुलगी, तिच्या आजीनं पाजलेलं दूध, चौथा दिवस. आयुष्यात इतकं भरभर आणि इतकं खरं मी कधी बोलले नव्हते. बोलताना मला रडू येत होतं, पण तिचं मनगट मी सोडलं नाही.

हलीमाबीनं विचारलं, "त्या बायला ह्ये आदी का नाय सांगितलंव?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

"आनि मागाहून? कळल्यावर?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मागाहून पन नाय," ती म्हणाली. "म्हातारी म्हंजे काय येडी असते? सांगितलंत तर आमाला बी समजतं. मी तीन पोरं मातीत ठेवली, बाय. मला कुनी सांगितलंच नाय ती कशानं गेली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती बोटावरच्या खजुराकडे बघत उभी राहिली. मग बिस्मिल्ला म्हणून तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला, पाण्याचा एक घोट घेतला आणि पाळण्याशेजारी फरशीवर मांडी ठोकून बसली.

थोड्या वेळानं नमाज आटोपून हाजीसाहेब आले, रुमालात जपून बांधलेला मदिनेचा खजूर घेऊन. उंच, पांढरी दाढी, सगळ्या बाजारात मान. हलीमाबी उठलीसुद्धा नाही.

"भायेर बसा," ती म्हणाली.

"अगं, खजूर लावनं ही पैगंबरांची सुन्नत हाय!"

"चार दिसांनी करा. अल्ला रागावनार नाय. तुमच्या नातवाच्या आतड्यांना पानी पोचायचंय अजून." आणि तिनं त्यांना माझीच गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. डबे दोनाचे दीड झाले आणि गाढवाला नाव मिळालं. हाजीसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, खजूर खिशात ठेवला आणि जाऊन बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोट तेरा इंच भरलं. नाकातल्या नळीतून हिरवट पाणी आलं. डॉक्टर चाको आले, दोन बोटांनी पोट दाबून पाहिलं आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं. हलीमाबीनं त्यांना विचारलं, "डाक्टर, आशा हाय का?" ते म्हणाले, "इन्शाल्ला." देवाचं नाव घेणारे डॉक्टर मला नेहमीच घाबरवतात. तिकडे जुलेखाला पान्हा फुटून गाठी आल्या होत्या. मी तिचं दूध पिळून मोरीत ओतत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. "तीन येळा असंच वतलं," ती म्हणाली. मी तिचं डोकं जवळ घेतलं आणि पिळत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेरा. दुपारी पावणेतेरा. हलीमाबी आता स्वतः मोजायला शिकली होती. मी मोजलं की ती परत मोजायची आणि दोघींचं जुळलं तरच मला कागदावर लिहू द्यायची. चौथ्या दिवशी सकाळी साडेबारा. नळीतून येणारं पाणी स्वच्छ झालं. आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती बाळाच्या मर्जीवर होती.

अकराच्या सुमारास हलीमाबीची हाक अख्ख्या वॉर्डानं ऐकली. "बाय! केली!"

शी काळी होती. नवजात बाळाची काळीच असते, पण रक्तही आत राहून काळं होतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ती पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या गॉझवर घासून पाहायची. कडेनं लाली पसरली तर रक्त. हिरवट छटा पसरली तर बाळाचं आतडं धड आहे. मी गॉझ घेतला. हलीमाबी, जुलेखा, जैनब आया आणि शेजारच्या खाटेवरची इराणी बाळंतीण, सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

हिरवट. कडेपर्यंत हिरवट.

हलीमाबीनं तो गॉझ माझ्या हातातून घेतला आणि डॉक्टर चाको वॉर्डात शिरताच त्यांच्या नाकासमोर धरला. हे कडक गृहस्थ, रविवारी चर्चला न चुकता जाणारे. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला." वॉर्डातल्या सगळ्या भाषांतल्या बायका एकदम हसल्या.

हल्ली अशा बाळांना इतके दिवस कोरडं ठेवत नाहीत, आईचं दूध थेंबथेंब लवकर सुरू करतात, असं माझी नर्स झालेली भाची सांगते. तिचं बरोबर असेल. आम्ही आमच्या काळात जे ठाऊक होतं ते केलं. त्या मुलाला आज नातवंडं आहेत. पण त्याबद्दल आभार मानायचे तर मी हलीमाबीचे मानते. तिच्यानंतर मी कुठल्याही आजीला नुसता हुकूम सांगितला नाही. आधी कारण सांगितलं, मग हुकूम. मोडक्या अरबीत, फारसीत, हातवारे करून, पण सांगितलं. आणि पुण्याला कुंटे आजींना त्याच आठवड्यात चार पानांचं पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, माझ्या खोट्यासकट. उत्तर आलं नाही. ते मागायचा मला हक्कही नव्हता.

चार दिवस पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी जुलेखाच्या दुधाचा एक चमचा द्यायची परवानगी दिली. मी वाटी घेऊन पाळण्याशी गेले, तर हलीमाबीनं चमचा माझ्याकडून काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला. जुलेखाला तो धरवेना. चार बाळंतपणं झालेली ती पोर, पण बाळाला काही भरवायची तिला भीती बसली होती. सासूनं मागून तिचा हात धरला. बाळानं जीभ काढली, चाखलं, तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

बाहेरच्या बाकावरून हाजीसाहेबांचा आवाज आला, "अगं, आता तरी आत येऊ?"

हलीमाबी नातवाच्या पोटावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "या. तुमचे रोजे हायत अजून धा दिस. माज्या नातवाची आज ईद झाली."